शिएंगखुआंगचे दगडी रांजण: खर्च किती येतो आणि हात कुठे आखडू नये

दोघांनी मिळून मुंबई-पुण्याहून लाओसच्या शिएंगखुआंग प्रांतात जाऊन यायचं, साधारण आठ दिवस, राहणी साधी पण स्वच्छ, बँकॉकच्या पुढे शक्य तिथे रेल्वे आणि बस, असा बेत असेल तर माणशी ५० ते ६० हजार रुपये धरावेत. बस टाळून सगळीकडे विमानानं जायचं, बऱ्यापैकी हॉटेलात उतरायचं आणि तिथे फिरायच्या दोन्ही दिवशी इंग्रजी बोलणारा वाटाड्या घ्यायचा, तर ९० हजार ते एक लाख. यातली मोठी रक्कम तिथे पोचण्यातच जाते. ज्या रांजणांसाठी एवढं जायचं त्यांचं प्रवेशशुल्क इतकं किरकोळ आहे की हिशेबात ते शोधावं लागतं.

नेमका इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. पन्नास हजार खर्चून, घाटातून दहा तास हाडं खिळखिळी करून घेऊन माणूस फोनसावन गावी पोचतो आणि मग गाडी-वाटाड्याचे चार-पाच हजार वाचवण्यासाठी फक्त जवळचं पहिलं स्थळ तासाभरात उरकून परतीची बस धरतो. त्याला दिसतात मैदानात पडलेले मोठे दगडी रांजण. ते कोणी ठेवले, त्यांच्याशेजारी बॉम्बचे खड्डे का आहेत, पायाखाली लाल-पांढऱ्या खुणा कसल्या आहेत, यातलं काही कळत नाही. म्हणून या लेखात दर देताना कुठे काटकसर चालेल आणि कुठे चालणार नाही, हेही स्पष्ट सांगतो आहे.

जायचं ते काय पाहायला

शिएंगखुआंग हा उत्तर लाओसमधला डोंगराळ प्रांत, पूर्वेला व्हिएतनामला लागलेला. मुख्य गाव फोनसावन, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर. भोवती गवताळ टेकड्या, पाइनची झाडं, भाताची खाचरं आणि या सगळ्यांत विखुरलेले दगडातून कोरून काढलेले रांजण. काही कमरेएवढे, काही माणसापेक्षा उंच. युनेस्कोनं २०१९ मध्ये यांतल्या १५ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या १५ ठिकाणी मिळून १३२५ रांजण आहेत. बहुतेक वालुकाश्माचे, थोडे ग्रॅनाइट आणि इतर दगडांचे. युनेस्कोच्या नोंदीत त्यांचा काळ इसवीसनपूर्व ५०० ते इसवी सन ५०० असा लोहयुगाचा दिला आहे, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ‘दुसरं स्थळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणचे काही रांजण त्याच्याही कितीतरी आधी तिथे ठेवले गेले असावेत असं दिसलं.

गावातले लोक खुन चेउंग या राजाची गोष्ट सांगतात: मोठी लढाई जिंकल्यावर त्यानं सैन्यासाठी भाताची दारू गाळायला हे रांजण करवून घेतले. मादलेन कोलानी या फ्रेंच संशोधक बाईंनी १९३० च्या दशकात इथे उत्खनन केलं. राख, हाडं, मणी अशा वस्तूंवरून हे मृतांच्या विधींशी जोडलेलं ठिकाण आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि नंतरच्या उत्खननांनीही रांजणांच्या आसपास दफनं असल्याचं दाखवलं. आपल्याकडे आसामच्या दिमा हासाओ जिल्ह्यातही असेच दगडी रांजण आहेत. नागपूरजवळची जुनापाणी, माहूरझरीची शिळावर्तुळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना लोहयुगातली दफनं आणि दगड हे नातं नवं वाटणार नाही. विदर्भातली वर्तुळं आणि हे रांजण यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मुळीच नाही, पण ती आधी पाहून गेलं तर इथे डोळे लवकर उघडतात.

दुसरं आकर्षण म्हणजे जुन्या राजधानीचे अवशेष, मुआंग खून. फुआन राज्याची ही राजधानी फोनसावनपासून ३० किलोमीटरवर. तिच्याबद्दल पुढे.

पैशांची भाषा

लाओसचं चलन किप. सध्या एका डॉलरला साधारण साडेएकवीस हजार किप मिळतात, म्हणजे एक लाख किप म्हणजे जवळपास ४०० रुपये. हिशेबाची सोपी युक्ती: शेवटचे तीन शून्य झाकायचे आणि उरलेल्या आकड्याला चारनं गुणायचं. सूपच्या वाटीला ३५ हजार सांगितले की १४० रुपये. पहिल्या दिवशी हे आकडे घाबरवतात आणि शून्यांच्या गोंधळात वीस हजारांऐवजी दोन लाख हातावर ठेवले जाऊ शकतात. नोटा रंगावरून नव्हे, आकडा वाचून द्या.

भारतीय रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. निघताना अधिकृत विक्रेत्याकडून अमेरिकी डॉलर घ्या. नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या हव्यात, नाहीतर बँक परत करते. थाई बाहतही अनेक ठिकाणी घेतात, पण तेव्हा दर दुकानदार ठरवतो आणि तो तुमच्या बाजूचा नसतो. एटीएम फोनसावनमध्ये आहेत, मात्र दर वेळी तिथली बँक शुल्क लावते, आपली बँक वेगळं लावते आणि एका वेळी मिळणारी रक्कमही मर्यादित असते. थोडे थोडे काढण्यापेक्षा राजधानी व्हिएनतियानमध्येच डॉलर बदलून प्रांतातल्या सगळ्या खर्चाचे किप जवळ ठेवणं स्वस्त पडतं. कार्ड वापरताना यंत्र रुपयांत रक्कम दाखवून मान्यता मागू लागलं तर नाही म्हणा आणि किपमध्येच व्यवहार करा, कारण तो दाखवलेला दर महाग असतो.

व्हिसा आणि वाटेतले सापळे

भारतीय पासपोर्टधारकांना लाओसमध्ये पोचल्यावर व्हिसा मिळतो. शुल्क सुमारे ४० डॉलर, मुक्काम ३० दिवस. घरबसल्या ई-व्हिसा काढला तर थोडे जास्त लागतात, साधारण ५० डॉलरपर्यंत धरा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, एक-दोन फोटो आणि रोख डॉलर जवळ असावेत. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला दहा डॉलर दंड.

ई-व्हिसा सगळ्या सीमांवर चालत नाही, ठरावीक विमानतळ आणि नाक्यांवरच चालतो. व्हिएतनामकडून नॉंग हेत नाक्यानं थेट शिएंगखुआंगमध्ये उतरायचा बेत नकाशावर फार सोयीचा दिसतो. पण तुमचा व्हिसा त्या नाक्यावर चालतो हे सरकारी संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय व्हिएतनामचं तिकीट काढू नका. आणि ते संकेतस्थळ सरकारीच आहे ना, हे पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट एलए’ आहे का यावरून तपासा. शोधयंत्रात सगळ्यात वर येणारी काही संकेतस्थळं खाजगी दलालांची असतात आणि त्याच व्हिसाचे दुप्पट पैसे घेतात. थायलंडच्या डिजिटल आगमन कार्डाचंही तेच. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि पूर्ण मोफत आहे. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

बँकॉकमार्गे जाऊन बँकॉकमार्गेच परतणार असाल तर थायलंडमध्ये तुम्ही दोनदा प्रवेश करता. थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत. तिकीट काढायच्या दिवशी जो नियम असेल तो दोन्ही प्रवेशांना लागू होतो ना, एवढं पाहून घ्या.

पोचायचं कसं

मुंबईहून लाओसला थेट विमान नाही. बँकॉक, हनोई किंवा क्वालालंपूर यांपैकी एका ठिकाणी बदलावं लागतं. मुंबई-बँकॉक जाऊन-येऊन तिकीट आधी काढलं तर १६ ते २५ हजारांत मिळतं, दिवाळी आणि नाताळात याहून कितीतरी वर जातं. बँकॉकहून व्हिएनतियानला विमानानं तासाभराचा प्रवास आहे, पण एका बाजूचे सात ते बारा हजार मोजावे लागतात. त्याऐवजी जुलै २०२४ पासून बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवत स्थानकातून व्हिएनतियानपर्यंत रात्रीची थेट गाडी सुरू झाली आहे. वातानुकूलित शयनयानाचं भाडं अडीच हजार रुपयांच्या आसपास, शिवाय एका रात्रीचं हॉटेल वाचतं. माझा कौल या गाडीला आहे. व्हिसाबद्दल शंका असेल तर सीमेअलीकडे नोंग खाय स्थानकात उतरून मैत्रीपूल बसनं ओलांडा. तिथे पोचल्यावर व्हिसा देण्याची व्यवस्था जुनी आणि सरावाची आहे.

आता खरा प्रश्न, व्हिएनतियान ते फोनसावन. सुमारे ४०० किलोमीटर आहे, पण हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. बसला दहा-अकरा तास लागतात. भाडं अडीच ते साडेतीन लाख किप, म्हणजे १००० ते १४०० रुपये. रस्ता डोंगरातून वळणावळणांचा आहे. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी घेऊनच बसावं आणि पुढच्या बाजूची जागा मागून घ्यावी. रात्रीची बस मिळते, एका रात्रीचं हॉटेलही वाचतं, तरी मी ती घ्यायला सांगणार नाही. अंधार, धुकं आणि अवजड ट्रक या तिन्हींची त्या रस्त्यावर रात्री गाठ पडते. पावसाळ्यात दरडीही कोसळतात.

विमानाचा पर्याय आहे. लाओ एअरलाइन्स आणि लाओ स्कायवे या कंपन्यांची लहान विमानं व्हिएनतियानहून अर्ध्या-पाऊण तासात शिएंगखुआंगला नेतात. एका बाजूचे पाच ते नऊ हजार रुपये. वेळापत्रक बदलतं, धुक्यामुळे उड्डाण रद्द होतं. म्हणून परतीचं हे विमान आणि पुढचं बँकॉकचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. मध्ये एक रात्र सोडा. ज्यांच्या गुडघ्यांना किंवा कमरेला दहा तासांची बस झेपणार नाही त्यांनी विमानावर खर्च करावा, तो वाया जाणार नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात सुज्ञ वाटतो. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली लाओस-चीन रेल्वे व्हिएनतियानहून वांग व्हिएंगला तासाभरात आणि लुआंग प्रबांगला दोन तासांत पोचवते. फोनसावनला रेल्वे नाही. पण वांग व्हिएंगपर्यंत रेल्वेनं जाऊन तिथून मिनीव्हॅननं सहा-सात तासांत फोनसावन आणि परतताना फोनसावनहून लुआंग प्रबांग, सुमारे २६० किलोमीटर, सात-आठ तास, असा फेरा घातला तर त्याच रस्त्यानं परत यावं लागत नाही. व्हॅनचं भाडं बसइतकंच किंवा थोडं जास्त. लुआंग प्रबांगहून रेल्वेनं राजधानीला परत या किंवा तिथूनच बँकॉकचं विमान धरा. रेल्वेचं तिकीट काही दिवसच आधी उघडतं आणि सुट्ट्यांत लगेच संपतं. सामानाची तपासणी कडक असते. फवारणीचे डबे आणि चाकू-कात्री काढून घेतात, तेव्हा महागडा डिओ पिशवीत ठेवू नका.

फोनसावनमधला मुक्काम

गाव एका हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलं आहे. युद्धानंतर नव्यानं वसलं, त्यामुळे देखणं म्हणता येणार नाही. साधं गेस्ट हाउस दीड ते तीन लाख किप, म्हणजे ६०० ते १२०० रुपयांत दोघांची खोली. बऱ्यापैकी हॉटेल २५ ते ४५ डॉलर. खोली पाहूनच पैसे द्या आणि दोन गोष्टी विचारा: गरम पाणी खरोखर येतं का, आणि जाड पांघरूण आहे का. लाओस म्हटल्यावर आपल्याला उकाडा आठवतो, पण डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि स्वस्त खोल्यांत हीटर नसतो. स्वेटर आणि कानटोपी घरूनच न्या.

जेवणाला माणशी दिवसाचे ८०० ते १२०० रुपये पुरे. नूडल सूप ३०-४० हजार किप, चिकट भात आणि भाजी किंवा मांस याच्या दुप्पट. शाकाहारी माणसाला अवघड जातं, कारण मासळीचं आंबवलेलं पाणी जवळपास प्रत्येक पदार्थात घालतात, दिसत मात्र नाही. ‘खोय किन जे’ म्हणजे मी शाकाहारी खातो आणि ‘बो साय नाम पा’ म्हणजे मासळीचं पाणी घालू नका, ही दोन वाक्यं लाओ लिपीत मोबाइलवर ठेवून दाखवा. अंडं-भात, उकडलेला मका, केळी, ताजा पाव सगळीकडे मिळतो. काटेकोर शाकाहारी किंवा जैन मंडळींनी खाखरे, मेतकूट, दाण्याची चटणी, तयार उपमा-पोह्यांची पाकिटं सोबत घ्यावीत. व्हिएनतियान आणि लुआंग प्रबांगमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, तेव्हा हा प्रश्न मधल्या तीन-चार दिवसांचाच आहे.

स्थानिक सिमकार्ड ५० हजार ते एक लाख किप. डोंगरात युनिटेल आणि लाओ टेलिकॉम यांचं जाळं बरं चालतं.

गाडी, वाटाड्या आणि पायाखालची जमीन

फोनसावनमध्ये सार्वजनिक वाहनानं रांजण पाहणं जमत नाही. पहिलं स्थळ गावापासून दहा किलोमीटरच्या आत आहे, दुसरं २५ किलोमीटरवर आणि तिसरं त्याच्याही पुढे. तिन्ही मिळून एक पूर्ण दिवस लागतो. चालकासह गाडी दिवसाला ५० ते ८० डॉलर. दोघांत ती जड वाटते, चौघांत सहज परवडते. म्हणून पोचल्याच्या संध्याकाळी गेस्ट हाउसमध्ये विचारा, उद्या कोणी जातंय का. इंग्रजी बोलणारा वाटाड्या घेतला तर आणखी ३० ते ४० डॉलर. गाडी ठरवताना इंधन, वाटाड्याचं जेवण, तिकिटं आणि कोणकोणती स्थळं, हे सगळं कागदावर लिहून घ्या. ‘रांजणांची सहल’ या नावाखाली काही जण फक्त पहिलं स्थळ दाखवतात.

स्कूटर भाड्यानं दीड-दोन लाख किपला मिळते आणि तरुण मंडळी हाच पर्याय निवडतात. ज्यांच्याकडे दुचाकीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही आहेत त्यांनीच निवडावा. परवाना नसताना अपघात झाला तर प्रवासविमा पैसे देत नाही, हे विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पासपोर्ट गहाण ठेवू नका, रोख अनामत द्या आणि गाडीवरचे ओरखडे घेतानाच मोबाइलवर टिपून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, विमानांच्या ५ लाख ८० हजार मोहिमांतून. शिएंगखुआंग हा सर्वाधिक मार खाल्लेल्या प्रांतांपैकी एक. एका मोठ्या कवचातून शेकडो लहान बॉम्ब विखुरायचे. असे २७ कोटी लहान बॉम्ब पडले आणि त्यांतले सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. चेंडूएवढे हे गोळे आजही शेतात, बांधावर, झाडाच्या मुळाशी सापडतात. युद्ध संपल्यानंतर सुमारे २० हजार माणसं त्यांमुळे मेली किंवा जायबंदी झाली, त्यांत मुलं पुष्कळ.

रांजणांच्या ज्या स्थळांवर पर्यटकांना सोडतात ती माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप या संस्थेनं साफ केली आहेत. जमिनीत बसवलेल्या विटांवर अर्धा लाल, अर्धा पांढरा रंग आहे. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली आहे. लाल बाजूला पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठीही नाही, लघवीसाठीही नाही. मुलं सोबत असतील तर हात धरून ठेवा. इथे वाटाड्या फक्त माहिती सांगायला नसतो, कुठली पायवाट चालण्याजोगी आहे हे त्याला ठाऊक असतं. या प्रवासात मी ज्या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका म्हणतो त्यांतली ही पहिली. दुसरी म्हणजे प्रवासविमा. फोनसावनमध्ये प्रांतिक रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला राजधानीला किंवा सीमेपलीकडे थायलंडमध्ये हलवावं लागतं आणि त्याचा खर्च लाखांत जातो. रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमा आठ दिवसांसाठी हजार-दीड हजार रुपयांत मिळतो.

पहिला दिवस, दुसरा दिवस

पोचल्याच्या दुपारी गावातल्या माहिती केंद्रांत जा. माइन्स ॲडव्हायझरी ग्रुपचं केंद्र मुख्य रस्त्यावर आहे. बॉम्बपीडितांसाठी काम करणारं आणखी एक केंद्र गावातच आहे. प्रवेशाला पैसे लागले तरी नगण्य, पण देणगीपेटीत काही टाका. ते पाहून मग मैदानात गेलात तर खड्डे नुसते खड्डे दिसत नाहीत.

पहिल्या स्थळावर तीनशेहून अधिक रांजण आहेत आणि सगळ्यात मोठा इथेच आहे, उंची अडीच मीटरच्या घरात. एका रांजणावर कोरलेली मानवी आकृती आहे, ती वाटाड्या नसेल तर हमखास निसटते. शेजारच्या चुनखडीच्या गुहेच्या छताला भोकं आहेत. कोलानींच्या मते इथे दहन होत असे. युद्धात याच गुहेनं माणसांना आसरा दिला. सकाळी सातच्या सुमारास पोचा, गट येण्याआधी. जमीन बरीचशी सपाट आहे, ज्येष्ठांनाही जमेल. तिकीट स्थळागणिक वेगळं आहे, पण तिन्ही मिळून पाच-सहाशे रुपयांच्या वर जाऊ नये.

दुसरं स्थळ दोन टेकड्यांवर आहे. इथे झाडांनी रांजणांच्या आतून वाढून दगड फोडले आहेत. तिसऱ्याला जायला भातखाचरांच्या बांधावरून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं आणि माझ्या मते तीनही ठिकाणांत सुंदर तेच. तिथे वाटेवरच्या गावात जेवा, पैसा थेट गावात राहतो. ज्यांना जास्त वेळ आहे त्यांनी फू केंगची खाण विचारावी. अर्धवट कोरून सोडलेले रांजण तिथे डोंगरात आहेत, पायऱ्या मात्र भरपूर. पहिल्या स्थळापासून ती सुमारे आठ किलोमीटरवर आहे आणि तिथला दगड त्या रांजणांशी जुळतो हे दगडांच्या तपासणीतून दिसलं आहे. कित्येक टनांचे रांजण इतकं अंतर कसे आणले असतील, या प्रश्नावर तिथे उभं राहून जितका वेळ द्याल तितका थोडा.

रांजणांवर चढू नका, आत उतरू नका. हे कुणाच्या तरी पूर्वजांचं स्मशान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुआंग खून. १९६० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या बॉम्बफेकीत हे सगळं शहर गेलं. पुढे प्रांताची राजधानीच फोनसावनला हलवावी लागली. सोळाव्या शतकातल्या वात फिया वात मंदिराचं छप्पर उरलेलं नाही, भिंती नाहीत, विटांचे थोडे खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये आगीनं भाजलेली मोठी बुद्धमूर्ती उघड्यावर बसलेली आहे. लोक आजही तिथे फुलं ठेवतात. चपला काढा, गुडघे झाकलेले असू द्या, मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. जवळच्या टेकाडावर थात फून हा विटांचा उंच स्तूप गवत-झुडपांनी भरला आहे. एकोणिसाव्या शतकात चीनकडून आलेल्या लुटारूंनी आतल्या मौल्यवान वस्तूंसाठी त्याला बोगदा पाडला, तो आरपार दिसतो. दोन्ही मिळून तिकीट वडापावच्या दोन प्लेटींपेक्षा जास्त नसेल. इथे दोन-अडीच तास ठेवा.

दुपारी थाम पिऊ गुहा, फोनसावनच्या ईशान्येला सुमारे ६० किलोमीटर. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी आसऱ्याला बसलेल्या लोकांवर विमानातून अग्निबाण सोडला गेला. ३७४ माणसं गेली असं तिथलं स्मारक सांगतं. लहान मुलांना आत न्यायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवावं. मुआंग खून एका दिशेला आणि थाम पिऊ दुसऱ्या दिशेला, त्यामुळे गाडीचं भाडं ठरवताना दोन्ही नावं आधीच सांगा, नाहीतर दुपारी नवा भाव ऐकावा लागेल.

बान नापिया गावात युद्धातल्या ॲल्युमिनियमच्या भंगारापासून चमचे आणि कडी ओततात. चूल, मातीचा साचा, दोन मिनिटांत चमचा तयार. तिथूनच खरेदी करा, नग काही हजार किपचा. पण न वितळलेलं कवच, गोळी किंवा बॉम्बचा तुकडा कोणी विकत असेल तर हात लावू नका. तो विमानतळावर अडकवेलच, शिवाय अशा खरेदीमुळे भंगार गोळा करायला पुन्हा कोणीतरी रानात जातं. ह्मोंग जमातीच्या बायकांचं भरतकाम बाजारात मिळतं, घासाघीस थोडी चालते.

पॅकेज घ्यायचं असेल तर

मराठी टूर कंपन्यांची व्हिएतनाम-कंबोडिया-लाओस पॅकेजं सहसा लुआंग प्रबांग आणि व्हिएनतियानवर थांबतात. कोणी शिएंगखुआंग देत असेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा: फोनसावनमध्ये किती रात्री, कोणती स्थळं, गावात जायला विमान की बस, विमान रद्द झालं तर खर्च कोणाचा, वाटाड्या स्थानिक परवानाधारक आहे का. एकच रात्र असेल तर ते पॅकेज घेऊ नका. एवढ्या लांब जाऊन दुपारी पोचायचं आणि सकाळी निघायचं, यात फक्त प्रवासाचे पैसे जातात. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जाण्याचा चांगला काळ. डिसेंबरच्या सुमारास ह्मोंग नववर्ष असतं तेव्हा गावं नटलेली असतात आणि खोल्या महाग. मार्च-एप्रिलमध्ये शेतं जाळल्याचा धूर डोंगरांवर बसतो, दम्याच्या रुग्णांनी तेव्हा जाऊ नये. जून ते सप्टेंबर खोल्या स्वस्त आणि टेकड्या हिरव्या असतात, पण तिसऱ्या स्थळाच्या बांधावर गुडघाभर चिखल असतो आणि रस्त्यावर दरडी.

परतताना लाओसची सीमा ओलांडण्याआधी उरलेले किप बदलून घ्या, देशाबाहेर ते कोणी घेत नाही. व्हिएनतियानमध्ये काही तास हाताशी असतील तर कोप या संस्थेचं केंद्र पाहा. बॉम्बनं हातपाय गमावलेल्यांना ती कृत्रिम अवयव पुरवते. प्रवेश मोफत आहे आणि बदलून न झालेले किप टाकायला तिथे देणगीपेटी आहे.